बडे बाबूंचा मितान

आमच्या जोन ऑफिसात येणाऱ्या तक्रारी बहुतेक शेजाऱ्यांविरुद्ध असायच्या. त्यात नवल काही नाही. त्रास द्यायला माणूस जवळचाच लागतो, लांबच्याला तेवढी सवड नसते. पण गुढियारी वस्तीतून येणाऱ्या काही तक्रारी वाचताना मी अडायचे. 'मेरे महाप्रसाद ने नाली के ऊपर चबूतरा बना लिया है, कृपया उचित कार्यवाही करें.' खाली सही, पत्ता, सगळं व्यवस्थित. फक्त चबुतरा कोणी बांधला त्याचं नाव नाही. मी नगर निगमात, म्हणजे महापालिकेत, सब-इंजिनियर. वर्ध्याहून लग्न होऊन रायपूरला आलेली, नोकरीत नवी. मोजमापाला जायचं ते कोणाच्या दारात? मी कागद घेऊन समोरच्या टेबलाकडे गेले. तिथे बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, बसायचे.

त्यांनी कागद वाचला आणि परत माझ्याच हातात दिला.

"यात काही होत नाही, बाई. आरोपीच नाही तं कार्यवाही कोणावर?"

"मग याला नाव लिहायला सांगा ना."

"कसं लिहीन तो? मितान आहे त्याचा. मितानचं नाव घेत नसतात. तुम्ही घेता का तुमच्या नवऱ्याचं नाव?"

"घेते."

बडे बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. "हव," ते म्हणाले, "पुण्याची हवा वर्ध्यापर्यंत येऊन राहिली म्हणा."

छत्तीसगढात ही रीत जुनी आहे. दोन माणसं, जातीची-भाषेची काही का असेनात, देवासमोर एकमेकांना काहीतरी देतात आणि त्या दिवसापासून मितान होतात. पुरीच्या जगन्नाथाचा वाळवलेला भात दिला तर एकमेकांचे 'महाप्रसाद', गंगेचं पाणी दिलं तर 'गंगाजल'. पुढे आयुष्यभर हाक मारायची ती त्याच नावाने. 'सीताराम, महाप्रसाद.' मूळ नाव तोंडातून काढायचं नाही. एकाच्या घरच्या लग्नाला, मयताला दुसऱ्याने सख्ख्यासारखं उभं राहायचं. गावाकडे हे दोस्तीपोटी होतं. आमच्या ऑफिसात ते भांडणापोटी व्हायचं आणि लावून देणारे असायचे बडे बाबू. नालीवरच्या चबुतऱ्याची ती जोडीही त्यांनीच जुळवलेली होती, हे मला मागाहून कळलं.

त्यांच्याकडे सामुदायिक भवनांचं काम होतं. रायपुरात प्रत्येक समाजाला आपलं भवन हवं असतं आणि निगम जमेल तसं देतही असतं. गुढियारीच्या रेल्वे बाजूला मात्र जागाच एवढीशी, की एक भवन बांधतानाच शेजारच्या पाण्याच्या टाकीला कोपर लागत होतं. तिथे आसपास ओडिया सफाई कामगारांचा पारा, म्हणजे मोहल्ला, तेलुगू हमालांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या गल्ल्या, रेल्वेत आलेली आपली विदर्भातली माणसं, आणि सगळ्यांच्या आधीपासूनचे छत्तीसगढी. भवन एक, सैपाकघर एक, नळ एक. भिंतीवर 'सामुदायिक भवन' एवढंच लिहिलेलं. त्याच्या मागे-पुढे आपल्या समाजाचं नाव जोडायला येणाऱ्यांना बडे बाबू पाणी द्यायचे, चहा द्यायचे, आणि परत पाठवायचे.

माणूस दिसायला अगदी साधा. उन्हाने रापलेला, खांद्यात किंचित वाकलेला, शर्टाच्या खिशात पेन आणि पेनच्या शेजारी हिरवी मिरची. ही मिरची जेवणासाठी. भवनातल्या प्रत्येक समाजाच्या पंगतीला ते जायचे. आमंत्रण असो-नसो, 'निरीक्षण' म्हणून जायचे, आणि पानात काहीही वाढलेलं असो, त्याच्याबरोबर स्वतःची मिरची खायचे. तेलुगूंच्या पंगतीत मिरचीची काय गरज, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "त्यांची तिखट असते, माही ओळखीची असते."

त्यांचे वडील अमरावतीकडून रेल्वेत आले. बडे बाबूंचा जन्म रायपूरचा. अमरावती त्यांनी पाहिलीच नव्हती, पण त्यांच्या मराठीतून अमरावती काही गेली नव्हती. बाकीच्या भाषा त्यांना यायच्या त्या फक्त नात्यापुरत्या. तेलुगूत मामा, मेहुणा, थोरला भाऊ. ओडियात काका, आत्या, वहिनी. बस, पुढे सगळा हातवाऱ्यांचा कारभार. "भाषा शिकायची असंल तं नात्याचे शब्द शिका," ते मला सांगायचे. "बाकीचं व्याकरण म्हंजे वेळ घालवणं आहे." त्यांचा स्वतःचा समाज कोणता, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं होतं. "निगम. आम्ही सण पाळतो, सुतक पाळतो अन् आपसात भांडतो. समाजाले आणखी काय लागते?"

फायलींच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात नारळ असायचे. ते आणायला बडे बाबू स्वतः गोल बाजारात जायचे. प्रत्येक नारळ कानाशी हलवून पाहायचे. दुकानदार वैतागायचा. टेबलाच्या खणात एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात पुरीचा वाळवलेला भात. तो भात ओडिया पाऱ्याचे प्रमुख आणून द्यायचे. ते निगमातच सफाईचे मुकादम होते. उंच, अबोल माणूस, खांद्यावर नेहमी धुतलेला पांढरा गमछा.

या मुकादमांचीच गोष्ट बडे बाबूंच्या पद्धतीचा नमुना म्हणून सांगता येईल. भाद्रपदात गणेश चतुर्थीला तेलुगू लोक भवनात गणपती बसवायचे, आणि दुसऱ्याच दिवशी, पंचमीला, ओडियांची नुआखाई. म्हणजे नव्या तांदळाचा सण. नवं अन्न देवीला दाखवायचं, थोरांच्या पाया पडायचं आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. त्या जेवणात मटण असायचं. समोर गणपती आणि मागच्या सैपाकघरात मटण, हे तेलुगू मंडळींना चालेना. गणपती उचला, हे ओडियांच्या तोंडून निघेना, पण सण तर त्यांचाही होता. एका वर्षी प्रकरण पातेली फेकण्यापर्यंत गेलं. दोन्हीकडची माणसं ऑफिसात आली. एका बाजूला मुकादम, दुसऱ्या बाजूला तेलुगूंचे पुढारी, किराणा दुकानवाले. आवाज एवढा चढला की बाहेर जन्माचे दाखले न्यायला आलेले लोक रांग सोडून आत डोकावले.

बडे बाबूंनी कोणाचंच म्हणणं ऐकून घेतलं नाही. ते नियमात बसतं का, मला ठाऊक नाही. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं, कपाटातून दोन नारळ काढले, डब्यातून चिमूट चिमूट भात दोघांच्या तळहातावर ठेवला. "एकमेकांले द्या," ते म्हणाले. दोघंही थबकले. जगन्नाथाचा भात तळहातावर आल्यावर तो टाकून द्यायचा तरी कसा? तोंडात घातला, नारळ बदलले, झाले महाप्रसाद.

भांडण त्याने मिटलं असं समजू नका. पुढच्या वर्षीही ते दोघं भांडलेच. पण आता भांडताना एकमेकांचं नाव घेता येईना, तक्रार लिहिता येईना आणि एकाच्या सुनेला बाळ झालं तेव्हा दुसऱ्याला टोपडं घेऊन जावं लागलं. त्याच भेटीत केव्हातरी ठरलं की गणपती ओसरीत बसेल, मधे पडदा लागेल आणि मटणाची चूल अंगणात पेटेल. अंगणात शेड आणि दुसरा नळ मी घालून दिला. निगमाच्या कागदावर त्याचं नाव 'अतिरिक्त सुविधा'.

"परक्याशी भांडलं तं केस होते," बडे बाबू म्हणायचे. "नात्यात भांडलं तं नुसता अबोला होते. अबोल्याले निगमाचा खर्च नाही."

वरच्या ऑफिसला हे पटायचं नाही. त्यांनी एकदा सर्व समाजांचा मेळावा घेतला. प्रत्येक समाजाला वेगळा तंबू, वेगळा फलक, पोशाख घालून नाच. मीही नऊवारी नेसून उभी होते, आमच्या मराठी मंडळाने नेसवली म्हणून. बडे बाबू सगळ्या तंबूंत जेवले आणि परत येऊन म्हणाले, "सैपाक चांगला होता. पण आज वेगळ्या तंबूत बसवलं, उद्या एका नळावर कोण बसवीन?" मग मला म्हणाले, "तुम्ही नऊवारीत चांगल्या दिसता, पण चालता सलवारीसारख्या."

असे त्यांनी किती मितान जुळवले याची मोजदाद नव्हती. स्वतः मात्र त्यात कधी पडले नाहीत. कोणी आग्रह केलाच तर म्हणायचे, "भटजीनं बोहल्यावर चढू नये."

तर ते चढले, त्याची ही हकिगत.

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मूळ नागपूरचे, राहायला रायपूरच्या शंकर नगरात, फ्लॅटमध्ये एकटे. बायको गेलेली, मुलगे बंगलोरला आणि परदेशात. स्वच्छ कपडे, स्वच्छ बोलणं, वेळेचे पक्के. एक दिवस ते अर्ज घेऊन आले. गुढियारीचं भवन मंडळाला दीर्घ मुदतीच्या लीजवर द्यावं. मंडळ रंगरंगोटी करेल, वाचनालय काढेल, मुलांसाठी मराठीचे वर्ग चालवेल. इतर समाजांना कार्यक्रमांसाठी भवन पूर्वीसारखंच मिळत राहील.

अर्जात वाईट काही नव्हतं, आणि त्यांचं दुःखही खरं होतं. "माझी नात फोनवर मला विचारते, दादाजी, आप कैसे हो," ते म्हणाले. "मी मराठीत बोलतो, तिला सगळं समजतं, उत्तर हिंदीत. आमच्यानंतर या गावात मराठी फक्त लग्नाच्या पत्रिकेवर राहील. आपल्याला एक हक्काची जागा पाहिजे की नाही? तुम्ही तर आपलेच आहात."

"आपला म्हंजे कोणाचा?" बडे बाबूंनी विचारलं.

"मराठी माणूस."

"तो तं मी आहेच. पण ओडिया पाऱ्यातलं लग्न कुठं लावायचं? त्यांच्या घरात पंगत सोडा, नवरा-नवरी बसत नाही."

"त्यांना देऊच की. लिहिलंय तसं."

बडे बाबूंचा काही विश्वास बसला नाही. त्यांनी नेहमीचा उपाय काढला. मुकादमांना बोलावतो, तुम्ही दोघं महाप्रसाद व्हा, मग लीजचं पाहू. अध्यक्षांचा चेहरा बदलला. ते वाईट बोलले नाहीत, त्यांच्या तोंडून वाईट कधी निघायचं नाही. पण खुर्चीत जरा मागे सरले. "सफाईच्या मुकादमांशी? म्हणजे, माणूस चांगलाच असेल हो. पण माझी त्यांची ओळख नाही. तुमच्याशी होतो की. काढा तुमचा नारळ."

मी माझ्या टेबलावरून पाहत होते. बडे बाबूंना नाही म्हणता येईना. इतकी वर्षं ज्या गोष्टीला कोणी नाही म्हणू नये अशी त्यांची समजूत, तिला त्यांनीच कसं नाही म्हणावं? शिवाय त्यांचा एक हिशेब होता, तो त्यांनी मला नंतर सांगितला. मितान झाल्यावर हा माणूस आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही, अर्ज मागे घेईल. त्यांनी डबा उघडला. अध्यक्षांनी भात तोंडात टाकला, नारळ घेतला आणि मोबाइल माझ्याकडे देऊन फोटो काढायला लावला.

अर्ज काही मागे आला नाही. "ते समाजाचं काम आहे," अध्यक्ष म्हणाले, "आपलं नातं आपल्या जागी."

आणि नातं खरंच आपल्या जागी वाढायला लागलं. बडे बाबूंनी ते रीतसर पाळलं. हरेलीच्या सणाला तांदळाचा चीला घेऊन शंकर नगर, तिजेला ठेठरी-खुरमीचा फराळ घेऊन शंकर नगर. अध्यक्षांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलांनी व्हिडिओ कॉल केले, बडे बाबूंनी रजा टाकली आणि दवाखान्यात त्यांच्या खाटेशेजारी सतरंजी पसरली. त्यांना संडासला नेण्यापासून सगळं केलं. नर्सने विचारलं, आप कौन, तर म्हणाले, "महाप्रसाद." तिला तेवढं पुरलं. ती छत्तीसगढचीच होती.

हळूहळू अध्यक्षांना चटक लागली. काठी टेकत ऑफिसात यायचे आणि दारातूनच हाक मारायचे, "सीताराम, महाप्रसाद!" त्यांच्या त्या स्वच्छ मराठीत बडे बाबूंच्या संगतीने 'मले-तुले' घुसलं. तुम्ही जाऊन तू आलं. डबा उघडून दोघं जेवायचे. अध्यक्ष आपल्या पानातली मिरची काढून बाजूला ठेवायचे आणि बडे बाबू ती उचलायचे. मी थट्टा करायचे की आता उखाणाच घ्या. खरं तर मला ते बघायला आवडायचं. त्या वयात माणसाला नवीन नातेवाईक मिळतो हे मी आधी कुठे पाहिलं नव्हतं.

तशाच एका दुपारी, जेवताना, शंकर नगरच्या घरी, अध्यक्ष भवनाबद्दल काहीतरी बोलून गेले. बडे बाबू दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले ते गप्प. मी विचारल्यावर म्हणाले, "त्याचं घर, त्याचं पान. तिथं बोललेलं बाहेर सांगायचं नसते." आणि पुढे सुनावणीपर्यंत त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही.

सुनावणी जोन कमिश्नर मॅडमच्या खोलीत झाली. मॅडम बाहेरच्या राज्यातल्या, तरुण, कामात सरळ. मंडळाचे लोक एका बाजूला, अध्यक्ष पुढे. मागच्या बाकावर मुकादम आणि तेलुगूंचे किराणावाले शेजारी शेजारी. त्यांना त्यांच्या माणसांनी विचारून ठेवलं होतं, भवन राहील ना? मुकादमांच्या मुलीचं लग्न त्याच उन्हाळ्यात होतं. मी नकाशा घेऊन उभी होते.

मॅडमनी अर्ज वाचला. "इसमें लिखा है कि बाकी समाजों को भवन पहले जैसा मिलता रहेगा. फिर दिक्कत क्या है? बडे बाबू, शाखा आपकी है. आपकी राय?"

बडे बाबू उभे राहिले. "दिक्कत है, मॅडम. पहले जैसा नहीं मिलेगा."

"किस आधार पर कह रहे हैं?"

"मेरे महाप्रसाद ने बताया."

"कौन?"

मंडळातल्या कोणीतरी हसलं. स्टेनो थांबून राहिला होता. मॅडमना हसू आलं नाही, राग आला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "बडे बाबू, रिकॉर्ड पर नाम चाहिए. नाम नहीं है तो मैं मान लूँगी कि आपत्ति नहीं है."

हे बरोबरच होतं. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. बिननावाच्या तक्रारीवर कार्यवाही होत नाही, हे आम्हाला बडे बाबूंनीच शिकवलं होतं.

ते उभेच होते. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला वाटतं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस कशाशी अडला आहे. त्यांनी मान खाली घातली नाही. मागे मुकादमांनी गमछा खांद्यावरून काढून हातात घेतला होता.

मग बडे बाबूंनी नाव घेतलं. सरकारी रीतीने घेतलं, अध्यक्षांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव, सगळं. एक एक शब्द सुटा करून, स्टेनोला लिहिता यावं म्हणून. "इन्होंने कहा है कि लीज हो जाए तो रसोई में मांस-मछली बंद. फिर किसी को मना नहीं करना पड़ेगा, लोग अपने आप आना छोड़ देंगे. ये बात इन्होंने अपने घर में, मुझे अपना समझ के कही थी."

"सही है?" मॅडमनी अध्यक्षांना विचारलं.

अध्यक्षांना नाही म्हणता आलं असतं. साक्षीदार कोणी नव्हतं. ते म्हणाले, "जी. सही है."

भवन सामुदायिकच राहिलं. मॅडमनी मंडळाला दर रविवारी सकाळी मराठीच्या वर्गासाठी एक खोली लिहून दिली, फळा आणि कपाटासकट. निर्णय चांगला होता. कोणाचं काही गेलं नाही, असं कागदावरून दिसतं.

बाहेर आल्यावर मला वाटलं होतं, पाऱ्यातली माणसं बडे बाबूंना उचलून घेतील. पण कोणी जवळच येईना. किराणावाले नमस्कार करून निघून गेले. मुकादम थोडा वेळ थांबले. "भवन बाँचगे, बाबूजी," ते म्हणाले. भवन वाचलं. "फेर मोला बने नइ लागत हे." मला बरं वाटत नाही. बडे बाबू म्हणाले, "मले पण." दुसऱ्या दिवशी त्यांनी भाताचा डबा मुकादमांना परत केला. "आता हा माह्या हातानं कोणाले देता येणार नाही," एवढंच कारण सांगितलं. मुकादमांनी डबा घेतला. आग्रह केला असता तर मला बरं वाटलं असतं, पण त्यांनी केला नाही.

मुकादमांच्या मुलीचं लग्न भवनात झालं. अंगणातल्या शेडखाली मासे शिजले, पाचशे फुटांवर वास गेला. बडे बाबू निरीक्षणाला आले नाहीत.

मला त्या दिवसांत त्यांचा राग यायचा. एवढं काय, असं वाटायचं. एक नाव. मीच रोज नवऱ्याला नावाने हाका मारते आणि तो अजून जिवंत आहे. पण ते जेवायला बसले की डबा उघडून बराच वेळ तसेच बसायचे, तेव्हा मला उठून बाहेर जावं लागायचं. अध्यक्ष तर ऑफिसकडे फिरकेनात. मंडळातल्या बायका म्हणाल्या, त्यांनी अध्यक्षपद सोडलं, घराबाहेर फारसे पडत नाहीत. "भवनाचं लागलंय मनाला," असं त्यांचं मत. मी एकदा भेटायला गेले. चहा त्यांनीच केला. भवनाचा विषयसुद्धा काढला नाही. जाताना दारात म्हणाले, "त्यानं सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं हो. मी बोललो होतो ते चूकच होतं. पण माझं नाव इतक्या दिवसांत कोणी घेतलं नव्हतं. ऐकून मलाच परकं वाटलं."

मी हे बडे बाबूंना सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं, मला ठाऊक नव्हतं.

बडे बाबूंच्या निवृत्तीच्या थोडं आधी, एका सकाळी अध्यक्ष ऑफिसात आले. काठी टेकत, स्वच्छ कपड्यांत. दारातून हाक नाही. रविवारच्या वर्गासाठी खोलीची किल्ली हवी होती आणि तिच्यासाठी साधा एक फॉर्म भरावा लागायचा. मंडळातलं कोणीही येऊ शकलं असतं. ते स्वतः आले.

बडे बाबूंनी किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि फॉर्म पुढे ओढला. मान वर केली नाही. तारीख लिहिली. खोली लिहिली. प्रयोजन लिहिलं, मराठी वर्ग. मग पेन थांबलं.

"अर्जदाराचं नाव?" ते म्हणाले.

"तुले माहीत आहे," अध्यक्ष म्हणाले. "एकदा घेतलंच आहे. घे."

बडे बाबूंनी पेन टेकवलं. उचललं. परत टेकवलं. कागदावर निळा ठिपका उमटला, तो मोठा होत गेला. मग त्यांनी फॉर्म आणि पेन दोन्ही माझ्या टेबलाकडे सरकवलं.

"बाई, तुम्ही लिहा," ते म्हणाले. "माह्याच्यानं होत नाही."

मी नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनाव लिहिलं. मान वर केली तेव्हा अध्यक्षांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. किल्ली टेबलावर तशीच पडली होती, आणि ते बडे बाबूंच्या समोरची खुर्ची ओढून बसत होते.